पॅकेज व्हर्जन बनवताना तीन टेस्ट पडतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सेल्सफोर्सवर (कंपन्यांच्या विक्री-ग्राहकांच्या कामाचा क्लाउड प्लॅटफॉर्म) अनलॉक्ड पॅकेज (ॲपचा दुसरीकडे बसवता येणारा गठ्ठा) बनवणारं कुणी आहे का इथे?

वितरकांच्या ऑर्डरींसाठी छोटं ॲप लिहिलंय. स्क्रॅच ऑर्गमध्ये (चाचणीपुरतं तात्पुरतं सेल्सफोर्स खातं) सगळं झकास, कव्हरेज (टेस्टमध्ये चालून गेलेला कोड) ८१ टक्के. पण टर्मिनलवर 'एसएफ पॅकेज व्हर्जन क्रिएट' कोड कव्हरेजच्या फ्लॅगसह चालवलं की घोडं अडतं. आधी चलनाचं फील्डच सापडेना. तो गाढवपणा माझाच: मल्टिकरन्सी (अनेक चलनांची सोय) ज्या डेफिनिशन फाइलमध्ये (ऑर्ग कशी हवी ते सांगणारी फाइल) लिहिलीय, ती या कमांडला दिलीच नव्हती. ती दिली, तो एरर गेला.

आता तीन टेस्ट पडतात. तिन्हींत यूजर मोडमधल्या (यूजरच्या परवानग्या पाहूनच डेटा देणाऱ्या) क्वेऱ्या आहेत, आणि माझ्या ऑर्गमध्ये परमिशन सेट (परवानग्यांचा संच) मी कधीतरी हातानेच लावला होता (कधी, ते आठवत नाही, म्हणूनच दोन दिवस गेले). पॅकेज तपासायला जी कोरी ऑर्ग उभी राहते, तिथे तो कोण लावणार?

प्रोजेक्टच्या जेसन फाइलमध्ये 'एपेक्स टेस्ट ॲक्सेस'खाली परमिशन सेटचं नाव देता येतं, हे कळलंय. तेवढ्यावर भागतं का? की प्रत्येक टेस्टमध्ये वेगळा यूजर बनवून, त्याला सेट लावून 'रन ॲज' करणं (त्या यूजरच्या नावाने टेस्ट चालवणं) बरं? मला दुसरं पटतंय, पण टेस्ट क्लास चाळीसेक आहेत हो.

व्हॅलिडेशन (पॅकेजची तपासणी) वगळायचा सल्ला कृपया नको, तसं व्हर्जन प्रमोट (रिलीझसाठी पक्कं) होत नाही. आणि स्क्रॅच ऑर्गची मुदत परवा संपतेय, तेव्हा जरा लवकर सांगा.