पीसीची तारीख मागे जाते ती बहुतेक सेलमुळे

एकाने इथे विचारलंय की पीसीचा प्लग काढून पुन्हा चालू केला की तारीख मागे जाते आणि बूट ऑर्डरही (पीसी आधी कशावरून सुरू व्हायचा तो क्रम) विस्कटते. त्यावर बायोस (पीसी चालू होताच आधी चालणारं, मुख्य बोर्डातलं सॉफ्टवेअर) अपडेट करा असा सल्ला आलाय, पण त्याआधी मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल बदलून पाहा. बहुतेक बोर्डांवर तो सीआर२०३२, ३ व्होल्टचा असतो. वीज नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. जुन्या बोर्डांवर बायोसची सेटिंग्जही त्याच्याच जिवावर टिकतात. तारीख फार चुकली की ब्राउझर सुरक्षित साइट उघडायला नकार देतो आणि माणूस उगाच इंटरनेटला शिव्या घालत बसतो.

पेन ड्राइव्हवरून एकदाच बूट करायचं असेल तर बूट ऑर्डरला हात लावायची गरजच नाही. चालू करताच एफ१२ दाबा (काही मशीनवर एफ११, एफ९ किंवा एस्केप), तेवढ्यापुरता मेनू येतो.

'बूट मोड लेगसी (बूटची जुनी पद्धत) करून टाका' असाही सल्ला आलाय, तो मात्र मला पटत नाही. विंडोज यूईएफआय मोडमध्ये (बूटची नवी पद्धत) जीपीटी डिस्कवर (डिस्कचे भाग नोंदवायची नवी पद्धत) टाकलेलं असेल तर लेगसीत ते बूटच होणार नाही. डेटा जात नाही, सेटिंग परत फिरवलं की सगळं जागेवर. पण तोवर घाम फुटतो. साटा मोड (पीसीने डिस्कशी बोलायची पद्धत) नेहमीच्या एएचसीआयवरून रेड (अनेक डिस्क एकत्र वापरायची पद्धत) केला तरी बहुधा विंडोजचा एररचा निळा पडदाच दिसेल. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) चालू असेल तर सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर बूट होऊ देणारं सेटिंग) बदलण्याआधी रिकव्हरी की (ते कुलूप उघडायचा लांब आकडा) हाताशी ठेवा, आणि सेटिंगच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून घ्या.