दुर्लक्षित स्थानिक पिके मागे का पडली?

प्रश्न:
नाचणी, कोद्रा, राजगिरा आणि आफ्रिकेतील फोनियो, टेफ ही बारीक धान्ये यांच्या पोषणमूल्याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे किन्वा या दक्षिण अमेरिकेतील धान्याचे आणि २०२३ हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. तरीही वनस्पतींपासून माणसाला मिळणाऱ्या उष्मांकांपैकी निम्म्याहून अधिक तांदूळ, गहू आणि मका या तिघांतूनच येतात. ही पिके इतकी सकस असतील, तर ती मागे का पडली?

पहिले उत्तर:
माझ्या मते अडचण पोषणात नसून सडण्या-कांडण्यात, म्हणजे दाण्याचे टरफल काढण्यात आहे. गव्हाचा दाणा मळणीतच मोकळा होतो. कोद्र्याचे कवच मात्र दाण्याला घट्ट चिकटलेले असते. पश्चिम आफ्रिकेतल्या फोनियोचे लवकर येणारे वाण सहा ते आठ आठवड्यांत तयार होतात आणि मुख्य पीक हाती येण्याआधीचे उपासमारीचे दिवस भरून काढतात, पण त्याचा दाणा जेमतेम दीड मिलिमीटरचा. तो हाताने सडण्याचे कष्ट बहुतेक बायकांच्याच वाट्याला येतात, आणि तांदूळ मिळू लागला की ते कष्ट कोणीही टाळणारच. त्यात अज्ञान कसले? सेनेगलमधील सानुसी दियाकिते यांनी फोनियो सडण्याचे यंत्र बनवले, तेव्हा त्यांनी नेमक्या याच दुखण्यावर बोट ठेवले होते.

दुसरे उत्तर:
यंत्राचा मुद्दा पटतो, परंतु पोषणाची बाजूही इतकी सरळ नाही. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळाच्या कितीतरी पट. मात्र फायटेट आणि टॅनिन या दाण्यातल्याच, खनिजे शोषू न देणाऱ्या घटकांमुळे ते सगळे अंगी लागत नाही. मोड आणल्याने किंवा पीठ आंबवल्याने हा अडसर बराच कमी होतो, म्हणून केवळ पिकाचा प्रसार करून आणि ते शिजवण्याची जुनी रीत वगळून भागणार नाही.

तिसरे उत्तर:
जे स्थानिक ते निर्धोक, असेही नाही. लाखेची डाळ दुष्काळातही तग धरते. पण महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली, तर तिच्यातील विषारी घटकामुळे पाय कायमचे लुळे पडू शकतात. दुष्काळात दुसरे काही पिकत नाही, म्हणून नेमकी तेव्हाच ती सर्वाधिक खाल्ली जाते. विषाचे प्रमाण कमी असलेले वाण पैदाशीतून तयार झाले आहेत, म्हणजे उपाय आहे. पण गव्हा-मक्यावर पिढ्यान्‌पिढ्या जेवढे संशोधन झाले, त्याचा लहानसा अंशच या पिकांच्या वाट्याला आला आहे.