प्रतिसाद: टोटल टी-४ वाढलंय, पण गोळी बंद करू नका

ताई, सुनेला पाचवा महिना आहे, टोटल टी-४ (रक्तातलं एकूण थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचं संप्रेरक) जास्त आलंय, तर थायरॉइडची गोळी बंद करू का, असं तुम्ही वर विचारलंय. आपल्या मनानं तर मुळीच नको. परभणीला माझ्या बहिणीच्या रिपोर्टवरही असाच जाड ठशातला बाण होता. आईनं लगेच देव पाण्यात घातले! डॉक्टरांनी टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारं संप्रेरक) आणि फ्री टी-४ (मोकळं टी-४) बघितलं, दोन्ही बरोबर.

रक्तातलं ९९.९ टक्क्यांहून जास्त टी-४ प्रथिनांना चिकटलेलं असतं. त्यातलं बहुतेक थायरॉक्सिन बाइंडिंग ग्लोब्युलिन या प्रथिनाला, उरलेलं ट्रान्सथायरेटिन आणि अल्ब्युमिनला. मोकळं फक्त ०.०३ टक्क्याच्या आसपास, आणि पेशीत शिरून काम करतं ते तेवढंच. कणगीत ज्वारी कितीही असो, पोट भरतं ते ताटातल्या भाकरीनं. या साठ्यामुळंच टी-४ रक्तात आठवडाभर टिकतं.

गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं, त्यानं हे ग्लोब्युलिन वाढतं. म्हणजे कणगीच मोठी होते, आणि टोटल टी-४ साधारण दीडपट दिसतं. उलट मूत्रपिंडाच्या काही आजारांत प्रथिनं लघवीवाटे जातात, तेव्हा टोटल कमी दिसतं.

आणि एक, ही मोठी कणगी भरायची म्हणून आधीपासून गोळी चालू असलेल्या बाईला या काळात डोस बहुधा वाढवावाच लागतो. तेव्हा टीएसएच किती आलंय ते आधी बघा, इथं टाकलंत तरी चालेल.