कराटेच्या क्लासनंतर मोकुसोला (ध्यानाला) डोळे मिटले की हात थरथरतात. काय करू?

मदत हवी आहे. थोडं सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

वय ४४. मुलीला शोटोकान कराटेच्या क्लासला सोडायचे आणि दीड तास बाहेर बाकावर बसून राहायचे. अडीच वर्षांपूर्वी शेवटी मीही नाव घातलं. आता ग्रीन बेल्ट आहे. एका शाळेच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी ७ ते ८.३० क्लास असतो.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. क्लास सुरू होताना आणि संपताना सगळे बेल्टप्रमाणे ओळीत, साधारण वज्रासनासारखे बसतात. त्याला सेइझा म्हणतात. बसताना डावा गुडघा आधी टेकायचा, उठताना उजवा पाय आधी उचलायचा. सगळ्यात सीनियर विद्यार्थी ‘मोकुसो’ म्हणतो, की डोळे मिटायचे. ‘मोकुसो यामे’ म्हटलं की उघडायचे. मग वाकून नमस्कार, म्हणजे ‘रेइ’. शोटोकानचे संस्थापक गिचिन फुनाकोशी यांनी कराटे शिकणाऱ्यांसाठी २० नियम सांगितले, त्यातला पहिलाच असा की कराटेची सुरुवात रेइने होते आणि शेवटही रेइनेच, हे विसरू नका. मला क्लासमधला हा भाग पहिल्यापासून फार आवडतो. दिवसभर अकाउंट्सचं काम, फोन, घर, आणि मग ते एक मिनिट, ज्यात ४० माणसांच्या हॉलमध्ये फक्त पंख्याची घरघर ऐकू येते.

सुरुवातीच्या मोकुसोत मन टिकत नाही. २० तारखेचं जीएसटी रिटर्न आठवतं, उद्याच्या डब्याची भाजी आठवते. ते चालवून घेता येईल.

खरी अडचण शेवटच्या मोकुसोची आहे.

जूनमध्ये फाईट चालू असताना समोरच्या मुलाची मावाशी गेरी, म्हणजे बाजूने फिरवून मारलेली किक, माझ्या डाव्या बरगडीवर बसली. त्याची चूक नव्हती, माझा गार्ड खाली आला होता. श्वासच अडकला. तोंड उघडं, पण हवा आत जाईना. काही सेकंदच असतील, पण तेवढ्यात वाटून गेलं की संपलं. एक्सरेत फ्रॅक्चर निघालं नाही, मुका मार होता. तीन आठवडे घरी बसले आणि जुलैत परत जायला लागले.

आता ऑक्टोबर आहे. दुखत काहीच नाही. काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, नीट होतो. फाईटही करते, त्या वेळी काही जाणवत नाही. पण शेवटी सेइझात बसून डोळे मिटले, की तो पाय बाजूने येताना दिसतो. छाती धडधडायला लागते, मांडीवर ठेवलेले हात थरथरतात. मागच्या गुरुवारी डोळ्यांतून पाणी आलं. मुलगी दोन जागा सोडून बसते, तिने पाहिलं. घरी येताना स्कूटरवर मागून विचारलं, “आई, तू रडत होतीस का?” मी म्हटलं, घाम गेला डोळ्यात. तिच्याशी खोटं बोलले, ते तेव्हापासून टोचतंय.

सरांना विचारलं. “मन रिकामं करा, सवयीने होईल,” म्हणाले. त्यांच्याबद्दल तक्रार नाही, एवढ्या मुलांकडे एकट्याने बघतात. पण मन रिकामं करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

बऱ्याच वर्षांपूर्वी इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं होतं. त्यात पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास फक्त बघायचा. सकाळी घरी करते तेव्हा छान शांत वाटतं. म्हणून क्लासनंतर तेच करून पाहिलं, तर उलटंच झालं. श्वास आधीच इतका जोरात चाललेला असतो की त्याच्याकडे लक्ष दिलं की तो पुन्हा अडकेल असंच वाटायला लागतं.

तर विचारायचं आहे की क्लासआधी आणि नंतर ध्यान वेगवेगळ्या पद्धतीने करायचं असतं का? तुमच्यापैकी कोणी मार लागल्यावर यातून गेलं आहे का? रात्री साडेअकरापर्यंत झोपही येत नाही, त्याला काही उपाय? क्लास सोडायचा नाही, एवढं नक्की.

—

प्रतिसाद:

ताई, मी केंडो (जपानी तलवारबाजी) करतो, आमच्याकडेही मोकुसो असतोच. आधी शब्दच बघा. ‘मोकु’ म्हणजे मौन, ‘सो’ म्हणजे विचार. मन रिकामं करा असं त्यात कुठेही नाही. मलाही पहिली दोन वर्षं तेच सांगितलं गेलं आणि मी रिकामं करण्याच्याच मागे लागून थकलो.

दुसरं म्हणजे डोळे पूर्ण मिटू नका. झाझेनला, म्हणजे झेन पंथातल्या ध्यानाला, बसणारे डोळे अर्धवट उघडे ठेवतात, नजर खाली, साधारण मीटरभर पुढच्या जमिनीवर. आमच्याकडे बरेच जण मोकुसोतही तसंच करतात. समोरची फरशी दिसत राहिली की आतलं चित्र एवढं अंगावर येत नाही. आणि श्वास बघू नका, मोजा. फक्त सोडलेला श्वास मोजायचा, एक ते दहा, चुकलं की परत एकपासून. आधीच्या आणि नंतरच्या मोकुसोत मी एवढाच फरक करतो: आधी ठरवतो की आज एकच गोष्ट सुधारायची, आणि नंतर ती झाली का तेवढंच आठवतो.

—

प्रतिसाद:

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्ही फाईट संपल्यावर किती वेळाने खाली बसता? जोराच्या हालचालीतून थेट बसलं की पायांतलं रक्त वर यायला पोटरीच्या स्नायूंची मदत मिळत नाही, नाडी तर अजून वेगातच असते. म्हणून डोकं हलकं होतं, धडधड जास्त जाणवते. आणि ती धडधड शरीराला जूनमधली वाटते, भीती तिच्या मागून येते. सरांना सांगून आधी पाच मिनिटं हॉलमध्ये साधं चाला. श्वास नाकाने घ्या आणि घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ लावा, चार मोजून घेतला तर आठ मोजून सोडा. नाडी त्यानेच उतरते. श्वास रोखून धरू नका.

झोपेचंही मूळ तेच. ८.३०ला क्लास संपतो, म्हणजे ११च्या आधी झोप येईल ही अपेक्षाच ठेवू नका. घरी आल्यावर कोमट पाण्याने अंघोळ, जेवण हलकं, चहा नको.

आता एक गोष्ट स्पष्टच लिहिते. तेच चित्र वारंवार दिसणं, थरथर, रडू येणं हे महिन्याच्या वर चाललं असेल तर समुपदेशकाला भेटावं. तुम्हाला तर तीन महिने झाले. याचा आणि कमकुवत असण्याचा काही संबंध नाही, यावर नीट उपचार असतात. आणि ४४ वय आहे, एकदा बीपी आणि ईसीजी करून घ्या. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र थांबू नका, लगेच जा.

—

प्रतिसाद:

मी कोल्हापूरचा, लहानपण तालमीत गेलं. आमच्यात डोळे मिटून बसणं वगैरे नव्हतं. मारुतीला नमस्कार करायचा, मातीला हात लावून कपाळाला लावायचा आणि उतरायचं. पण एक सांगतो. कुणी वाईट पडला की वस्ताद दुसऱ्या दिवशी त्याला त्याच जोडीदाराबरोबर उभं करायचे आणि तोच डाव सावकाश, न पाडता, दहा-पंधरा वेळा करून घ्यायचे. पडलेल्याची भीती जायची आणि पाडणाऱ्याचीही. माझ्यामुळे एकाचा खांदा निखळला होता, तेव्हा त्याच्याइतकाच मी घाबरलो होतो.

तो मुलगा अजून क्लासला येतो का? त्याच्याशी बोललात का कधी?

—

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. नाही, बोलले नव्हते. तुमचा प्रतिसाद वाचला आणि लक्षात आलं की जुलैपासून तो माझ्यासमोर फाईटला आलेलाच नाही. रांगेत जागा बदलतो.

काल लवकर गेले आणि त्याला गाठलं. बारावीतला मुलगा आहे. म्हणाला, “काकू, मला वाटलं तुम्ही माझ्यावर चिडलाय.” मी म्हटलं, तीच किक मार, पण हळू, आणि बरगडीच्या वीतभर आधी थांबव. पहिल्या चार वेळा मी पाय निघायच्या आधीच मागे सरकले. सातव्या-आठव्या वेळी उभी राहिले आणि हात खाली आणून अडवला. त्याची नडगी माझ्या हातावर अगदी हलकी टेकली.

क्लासनंतर पाच मिनिटं चालले. सरांनी सगळ्यांनाच चालायला लावलं. मोकुसोत नजर फरशीवर ठेवली आणि श्वास मोजले. सहापर्यंत गेले, मग पाय दिसला, परत एकपासून सुरू केलं. हात थरथरले, पण पाणी नाही आलं. समुपदेशकांची वेळ शनिवारची मिळाली आहे, ईसीजीही त्याच दिवशी करून घेते.

स्कूटरवर बसल्यावर मुलीला सांगितलं की त्या दिवशी घाम नव्हता. ती म्हणाली, “माहीत होतं.” आणि घर येईपर्यंत मागून कमरेला मिठी मारून बसली.

केंडोवाल्यांना अजून एक विचारायचं आहे. सेइझात दोन मिनिटांतच डावा पाय बधिर होतो आणि उठताना तोल जातो. टाचांखाली काही घेतलेलं चालतं का?