मृत्युपत्र अमलात आणणारा (एक्झिक्युटर) घरातलाच असला तर कोर्टात मालमत्तेची यादी (इन्व्हेंटरी) आणि हिशेब भरणं माफ करायचं का?

मधली बहीण:
काल इथे कुणीतरी लिहिलं, "एक्झिक्युटरवर विश्वास नव्हता तर मृत्युपत्रात त्याचं नाव कशाला घातलं? इन्व्हेंटरी आणि हिशेब म्हणजे कागदी छळ. वारस राजी असतील तर माफ करून टाका." वाचून डोकं उठलं. दादाला एक्झिक्युटर नेमून विश्वास आईने टाकला होता. वाटा माझा आहे!

प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर मिळवण्याच्या, अर्जात दादाने लिहिलं होतं, "लॉकरमधील दागिने". वजन नाही, नग नाहीत. आईच्या चार पाटल्या होत्या, मला दोन मिळाल्या. उरलेल्या "आईनेच मोडल्या". पावती? नाही. १९२५ च्या उत्तराधिकार कायद्याचं कलम ३१७ सांगतं, प्रोबेटपासून सहा महिन्यांत यादी, वर्षाच्या आत हिशेब. दोन्ही भरलं असतं तर आज आमचं बोलणं बंद नसतं.

थकलेला एक्झिक्युटर:
ते माझंच वाक्य होतं, आणि मी ते मागे घेत नाही. एक फ्लॅट, दोन एफडी, तीन भावंडं, सगळी सज्ञान. मालमत्तेची यादी मूल्यांकनासकट अर्जाला जोडलेलीच होती. तीच पुन्हा कशासाठी भरायची? कलमात मुदत वाढवून मिळते, माफी नाही. रजा टाकून खेटे मी घातले, आणि वर चोर ठरायचं?

कलमवाला:
अर्जातली यादी म्हणजे काय होतं ते. हिशेब म्हणजे त्याचं काय केलं ते. जाणूनबुजून भरला नाही तर कलम २६३ खाली प्रोबेट रद्द होऊ शकतं. आणि वारस राजी झाले म्हणून सावकार राजी होत नाहीत. मयताची देणी कोण विचारणार?

नॉमिनीग्रस्त:
प्रोबेट राहू द्या, आधी नॉमिनीचं बघा. काकांच्या एफडीवर चुलतभाऊ नॉमिनी. बँकेने पैसे दिले आणि तो मालकच झाला!

थकलेला एक्झिक्युटर:
नॉमिनी मालकच असतो. नाहीतर नाव कशाला देतात?

कलमवाला:
साफ चूक. नॉमिनी फक्त पैसे स्वीकारतो, हक्क वारसांचाच. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं.

नॉमिनीग्रस्त:
हे मी चुलतभावाला सांगितलं. म्हणाला, "जा कोर्टात." काकू वारल्या, मी अजून वकिलाच्या जिन्यातच आहे.

थकलेला एक्झिक्युटर:
बरं, नॉमिनीचं मी चुकीचं धरलं होतं. पण धागा हिशेबाचा आहे. आणि मधली बहीण, तुमच्या दादाचा राग माझ्यावर काढू नका. मी वडिलांच्या औषधांची बिलंसुद्धा फाइलला लावली आहेत.

मधली बहीण:
मग तीच फाइल कोर्टात द्यायला काय जड जातं? दादाही "सगळं लिहून ठेवलंय" म्हणायचा. वही कधी दिसली नाही.

थकलेला एक्झिक्युटर:
जड जातं ते खेटे घालणं, दाखवणं नाही. भावंडांना सगळी फाइल दाखवली, त्यानंतरच सह्या घेतल्या.

मधली बहीण:
आधी दाखवली असेल तर तुमचं वेगळं. सगळे सज्ञान, देणी फिटलेली, प्रत्येकाच्या हातात यादीची प्रत, तर कायदा बदलून माफी द्यायला माझी ना नाही. माझ्याकडून दादाने कोऱ्या कागदावर सही घेतली होती, आईच्या तेराव्याला, पानं वाढता वाढता.