केसरबाईंची भैरवी ऐकायला तिकडे कोणी आहे का?

मृगशीर्ष

१९७७ साली नासाची दोन्ही व्हॉयेजर यानं अवकाशात निघाली, तेव्हा तिकडे कोणी असलंच तर त्यांना ऐकता यावी म्हणून प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक ध्वनी-तबकडी बसवलेली होती. तिच्यात ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यात मराठीही आहे. संगीतात केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. हे आठवलं की मला दर वेळी गलबलून येतं. तरी माझं मत स्पष्ट आहे: ती भैरवी ऐकायला तिकडे कोणी नाही.

जीव नाहीत असं मी म्हणत नाही. सूक्ष्मजीव पुष्कळ ठिकाणी असतील. पण तबकडी हातात घेऊन 'ही कोणीतरी बनवलेली वस्तू आहे' हे ओळखणारा, रेडिओ उभारू शकणारा जीव आपल्या आकाशगंगेत दुसरा नसावा.

पृथ्वीचाच इतिहास बघा. वय साधारण ४५० कोटी वर्षं. ३५० कोटी वर्षांपूर्वी इथे सूक्ष्मजीव होते, आणि त्यानंतरचा बहुतेक सगळा काळ सूक्ष्मजीवांचाच गेला. प्राणी आले ते जेमतेम ६० कोटी वर्षांपूर्वी. डायनोसॉरनी १५ कोटींहून जास्त वर्षं राज्य केलं, पण त्यांच्यातल्या कोणाला दगडाची धार काढावीशी वाटली नाही. ६.६ कोटी वर्षांपूर्वी ती उल्का आदळली नसती तर सस्तन प्राण्यांना वाव मिळाला असता का? माणूस तीन लाख वर्षांचा, रेडिओ सव्वाशे-दीडशे वर्षांचा. उत्क्रांती बुद्धीच्या दिशेने चालत नसते. आपण एका लांबलचक अपघातमालिकेच्या टोकाला आहोत.

दुसरा मुद्दा भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीचा. १९५० मध्ये लॉस अलामॉसला जेवणाच्या टेबलावर त्याने विचारलं होतं, मग आहेत कुठे सगळे? आकाशगंगेचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षं. प्रकाशाच्या शंभराव्या हिश्श्याने जरी कोणी पसरत गेलं, तरी एक-दोन कोटी वर्षांत या टोकाचं त्या टोकाला पोचेल. आकाशगंगेचं वय १,००० कोटी वर्षांहून जास्त आहे. एवढ्या वेळात एकालाही जमलं नाही?

खोडदची_वाट

मृगशीर्ष, तुमचा पहिला मुद्दा वजनदार आहे. दुसरा मला अजिबात पटत नाही. शांतता आहे म्हणता, पण आपण ऐकलंय किती?

खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेकने १९६० मध्ये परक्यांच्या रेडिओसंदेशांसाठी पहिल्यांदा कान लावला तो दोन ताऱ्यांना. त्यानंतरही काम झालं ते तुकड्यातुकड्याने, मिळेल तेवढ्या वेळात. जिल टार्टर यांनी आयुष्य या शोधात घातलं. त्यांनी दिलेली उपमा अशी, की समुद्रातून एक पेला पाणी घ्यायचं आणि त्यात मासा दिसला नाही म्हणून समुद्रात मासे नाहीत असं ठरवायचं.

मी नारायणगावजवळच्या खोडदला विज्ञान दिनी दोनदा जाऊन आलोय. तिथे आणि आसपास पसरलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचं श्यापारेल्ली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा क्षीण संदेश याच जीएमआरटीने थेट पकडला. उतरण्याच्या जरा आधी तो तुटला आणि यान आदळलं. म्हणजे आपले कान तीक्ष्ण आहेत, यात शंका नाही. पण तेव्हा दिशा माहीत होती, वेळ माहीत होती, कंप्रता माहीत होती. तोच संदेश सगळ्यात जवळच्या ताऱ्यावरून, प्रॉक्झिमावरून, आला असता तर? अंतर दोन लाख पटींहून जास्त, आणि संदेश अंतराच्या वर्गाने क्षीण होतो. काही हजार कोटी पट क्षीण! खोडदला तो कळलाच नसता.

आता आपली बाजू बघा. आपल्या रेडिओलहरी फार तर शंभरेक प्रकाशवर्षं गेल्यात. आकाशगंगा म्हणजे ८०० किलोमीटर रुंदीचा महाराष्ट्र समजा. त्यात आपला आवाज पोचलेला भाग भरतो दीड किलोमीटरचा, म्हणजे लोणारच्या विवराहूनही थोडा लहान. बाकीच्या महाराष्ट्राला आपली खबरच नाही, तर भेटायला येणार कोण?

तिसरा_डोळा

+१ खोडद. आणि १५ ऑगस्ट १९७७ विसरू नका. ओहायोतल्या 'बिग इअर' दुर्बिणीवर ७२ सेकंदांचा जोरदार संदेश नोंदला गेला, तोही हायड्रोजनच्या १,४२० मेगाहर्ट्झच्या आसपास. जेरी एहमन यांनी कागदावर शेजारी 'वाॅव' लिहिलं ते उगाच नाही.

मृगशीर्ष

तिसरा डोळा, ७२ सेकंद हा आकडा दुर्बिणीचा आहे. ती दुर्बीण स्थिर होती, पृथ्वीच्या फिरण्याने आकाशातला एक बिंदू तिच्यासमोरून सरकायला तेवढाच वेळ लागायचा. त्यानंतर तिथे अनेकदा ऐकलं गेलं, पुन्हा काही आलं नाही. एकदाच आलेल्या आवाजावर मी घर बांधणार नाही.

खोडद, पेल्याची उपमा मान्य. पण एक सांगा, समुद्र माशांनी गजबजलेला असेल तर किनाऱ्यावर एखादा तरी शिंपला सापडायला हवा ना? यंत्रं, अवशेष, काहीतरी. चार अब्ज वर्षांत इथे काहीच आलं नाही, हे मला आवाज न येण्यापेक्षा जास्त बोलकं वाटतं.

पेशीपुराण

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. दोघांनाही थोडं अडवते.

जीव चिवट असतो याबद्दल वाद नको. लोणारचं पाणी एवढं अल्कधर्मी, एवढं खारं, तरी त्यात जीव नांदतात. जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासून सांगितलं की हा मीठप्रिय सूक्ष्मजीवांचा रंग आहे. म्हणून सूक्ष्मजीव विश्वात इतरत्र असतील, हे मलाही शक्य वाटतं.

खरी अडचण पुढे आहे. आपल्या पेशीत मायटोकाँड्रिया आहेत, म्हणजे कधीकाळी एका पेशीने दुसरीला पोटात घेतलं आणि ती पचली नाही, तिथेच राहून ऊर्जा पुरवू लागली. झाड, बुरशी, वाघ, माणूस, सगळे त्या एका घटनेचे वंशज. जवळजवळ २०० कोटी वर्षांपूर्वी हे घडलं, आणि आपल्याला दिसतं त्यावरून एकदाच घडलं. सूक्ष्मजीवांची संख्या आणि त्यांना मिळालेला वेळ बघता हे मला थक्क करतं. वर्गात हा भाग शिकवताना मी दर वर्षी जरा थांबतेच. अडथळा असेल तर तो इथे आहे.

मात्र मृगशीर्ष, बुद्धी हा अपघात म्हणता ते बरोबर नाही. ऑक्टोपस आणि आपण ५५-६० कोटी वर्षांपूर्वीच वेगळे झालो, तरी तो कोडी सोडवतो, नारळाच्या करवंट्या आडोशासाठी बरोबर नेतो. न्यू कॅलेडोनियातले कावळे काडी वाकवून आकडा करतात. एकदा प्राणी आले की बुद्धी वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे उगवलेली दिसते.

गोदाकाठ

मला एक कळत नाही. आपल्याकडे विठ्ठलाला 'अनंतकोटी ब्रह्मांडनायक' म्हणतात. माझी आजी हे रोज म्हणायची. एवढ्या ब्रह्मांडांचा नायक, आणि प्रजा फक्त इथेच? मला ते पटत नाही. शिवाय नारळीकर सरांनी बलून सोडून वरच्या हवेतून जीव आणलेच होते की.

पेशीपुराण

गोदाकाठ, आजींची श्रद्धा मला जवळची आहे, माझ्या घरीही तेच शब्द होते. पण इथे त्यांचा आधार घेता येणार नाही.

बलूनचं मात्र नीट सांगते, कारण नेहमी अर्धवट सांगितलं जातं. हैदराबादहून २००१ आणि २००५ मध्ये बलून सोडले गेले, ४१ किलोमीटरपर्यंतची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली. दुसऱ्या खेपेला जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या, एकीला आर्यभटाचं नाव दिलं, एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईलचं. पण ते वरून आले की खालून गेले हे त्यातून सिद्ध झालं नाही, आणि दुसऱ्या खेपेनंतर त्या चमूने तसा दावाही केला नाही. ज्याला 'जीव अवकाशातून आले' हा सिद्धांत खरा ठरायला हवा होता, त्यानेच एवढं जपून बोलणं, हे मला त्या शोधाइतकंच मोलाचं वाटतं.

तिसरा_डोळा

आणि के२-१८बी? १२४ प्रकाशवर्षांवरच्या त्या ग्रहाच्या वातावरणात डायमिथिल सल्फाइडच्या खुणा दिसल्याचं २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने सांगितलं. इथे तो वायू समुद्रातले सूक्ष्मजीव बनवतात.

मृगशीर्ष

इतर गटांनी तीच निरीक्षणं तपासून शंका घेतल्यात. आणि खरं ठरलं तरी ते सूक्ष्मजीव. माझा वाद त्यांच्याशी नाहीच.

म्हार्दोळ

मी फोंडा तालुक्यातली, केसरबाईंची केरी आमच्याच तालुक्यात. कालपासून वाचतेय. तुम्ही सगळे 'आहे का' एवढंच विचारताय. ती तबकडी शंभर कोटी वर्षं टिकेल असा अंदाज आहे. व्हॉयेजर-१ ४०,००० वर्षांनी एका ताऱ्यापासून १.६ प्रकाशवर्षांवरून जाईल, मग पुढे. मृगशीर्ष म्हणतात तसं इथे माणसाला यायला ४५० कोटी वर्षं लागली, तर दुसरीकडे कुठेतरी ती गोष्ट आज अर्ध्यावर असू शकेल. आज कोणी नसेल. शंभर कोटी वर्षांनी?

मृगशीर्ष

म्हार्दोळ, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी फक्त 'आज' धरून चाललो होतो. तेवढ्यापुरतं माझं विधान आवरतं घेतो: आज, आपल्या आकाशगंगेत, बहुधा कोणी नाही.

पण खोडदना एक विचारायचंय. किती ऐकल्यावर तुम्ही 'नाहीत' म्हणाल? नाहीतर 'अजून पेलाच झाला' हे कायमचं उत्तर होऊन बसेल.

खोडदची_वाट

रास्त प्रश्न. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या एसकेए या प्रचंड रेडिओ दुर्बिणीत आपणही आहोत, जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने १,२५० कोटी मंजूर केले. ती पूर्ण होऊन शंभर प्रकाशवर्षांच्या आतले सूर्यासारखे तारे वर्षानुवर्षं ऐकून झाले आणि एकही कंप्रतेच्या अरुंद पट्ट्यातला, पुन्हा येणारा संदेश मिळाला नाही, तर जवळपास रेडिओवाले नाहीत हे मी मान्य करीन. 'रेडिओवाले' म्हणतोय, 'बुद्धिमान' नव्हे.

पेशीपुराण

तोच तर फरक. गुरूच्या युरोपा या चंद्रावर बर्फाखाली समुद्र आहे. समजा तिथे ऑक्टोपससारखं काही असलं. त्याला आग पेटवता येणार नाही, म्हणून धातू नाही, म्हणून रेडिओ नाही. डोक्यावर किलोमीटरोगणती बर्फ, म्हणजे तारे आहेत हेही त्याला ठाऊक नसणार. त्याला तुम्ही दोघं कोणत्या बाजूला मोजाल?

मृगशीर्ष

तबकडी त्याच्यापर्यंत पोचणार नाही, पण बुद्धिमान म्हणावंच लागेल. धाग्याच्या सुरुवातीला मी दोन्ही एकच धरलं होतं, ती चूक झाली.

पेशीपुराण

नासाचं युरोपा क्लिपर यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालंय, एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोचेल. तेही जीव शोधणार नाही, तिथे जगता येईल का एवढंच बघणार. मी तोवर मत राखून ठेवते.