मदत हवी आहे: पोकरच्या टेबलावर एकटी बाई

2025 च्या कायद्याने ऑनलाइन पैशाचा पोकर बंद झाला, म्हणून आता पुण्याहून पणजीला जाऊन मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर खेळते. मागच्या टुर्नामेंटला नऊ जणांच्या टेबलावर बाई मी एकटीच. हातात राण्यांची जोडी. मी रेझ केलं (म्हणजे बोली वाढवली) तर शेजारचे काका म्हणतात, "ताई, नक्की ना? चिप्स मोजून देऊ का?" डीलरही हसला. त्या रागात पुढचे दोन डाव उगाच खेळून घालवले. (चूक माझीच, पण तरी!)

पोकरच्या वर्ल्ड सिरीजच्या मेन इव्हेंटमध्ये (मुख्य स्पर्धेत) 1995 साली बार्बरा एनराइट पाचवी आली. त्यानंतर फायनल टेबलावर (शेवटच्या नऊ जणांत) बाई दिसायला 2025 उजाडलं: स्पेनची लिओ मार्गेट्स, सातवी. तिकडे बायकांची वेगळी स्पर्धाही असते. पुरुष घुसू नयेत म्हणून फी 10,000 डॉलर ठेवली आणि बायकांना 90 टक्के सूट दिली. भारी डोकं!

तर, असल्या बोलण्याला तुम्ही काय करता? फ्लोअर मॅनेजरला (टेबलांवर देखरेख करणाऱ्याला) बोलावता, की सरळ हेडफोन लावता? आणि पुण्याहून सोबत यायला कोणी मैत्रीण आहे का? रात्री दोनला एकटीने हॉटेलवर परतणं नको वाटतं.